घोडे कोणाकडे होते?

वॉलाडेल टपाल कार्यालय,
शुक्रवार, १६ नोव्हेंबर १९१७

श्री. हॅनफर्ड यांस,

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पाद्री ऑर यांच्या नावे तार आली. ती मीच उतरून घेतली, कारण इथलं तारयंत्र मीच चालवते. क्लेम गॅरो तीन तारखेला लढाईत मारला गेला, हे त्याच्या वडिलांना सांगावं, एवढाच मजकूर होता. साडेअकराला पाद्रीसाहेब आमच्या शेतावर गेले. मी पाच वाजता कार्यालय बंद करून घरी आले. दिवसभर ऊन होतं. उद्या सकाळी टपालाची पिशवी जाते आणि अजून उजेड आहे, म्हणून आजच लिहिते.

मी क्लेमची बहीण. तुमचं नाव त्याच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात असे, म्हणून ओळख नसताना लिहिण्याचं धाडस करते आहे.

इकडे अशी तार घरच्यांना थेट येत नाही, पाद्रींना येते. ते आपल्या टांग्यातून जातात आणि सांगतात. त्यामुळे गेली तीन वर्षं ते कुणाच्या फाटकाशी वळले की बायका दारात येण्याआधीच एप्रन काढून ठेवतात. तारेतलं काही बाहेर बोलायचं नाही, असा माझ्या नोकरीचा नियम आहे. यंत्र एकेक अक्षर वाजवतं. आडनाव पुरं होईपर्यंत ते कुणाचंही असू शकतं. मी शेवटपर्यंत लिहिलं, मिळाल्याचा खटका दिला, कागद पाकिटात घातला आणि कार्यालयाला कुलूप लावून रस्ता ओलांडला. पाद्रीसाहेब घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होते. त्यांनी पाकीट उघडलं आणि म्हणाले, "विनी, हे तूच लिहिलंयस."

मी म्हटलं, "हो. बाबा आत्ता मागच्या कुरणात असतील. तुम्ही टांगा फाटकाशीच ठेवा, घोडा आत नेलात तर आमची कुत्री त्याच्या पायात येतात."

मग मी परत येऊन खिडकी उघडली. संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात बसले होते. म्हणाले, "तुला सकाळीच कळलं होतं."

"हो."

"दिवसभर तिथेच बसलीस?"

"कार्यालय उघडं होतं, बाबा."

"काही खाल्लंस का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी थंड मटण कापून माझ्यासमोर ठेवलं.

तुम्हाला थोडं सांगायला हवं, म्हणजे मी काय विचारते आहे ते कळेल. आमची आई क्लेम दोन वर्षांचा असताना गेली. मी तेरा वर्षांची होते. त्याला मी वाढवलं. बाबा घोडे शिकवायचे. पार आर्मिडेल शहरापासून लोक रानटी घोडे त्यांच्याकडे आणत. क्लेम अकरा वर्षांचा असताना एकदा ते गोल कुंपणात एका तरण्या घोड्याला शिकवत होते आणि लांब दोर क्लेमच्या हातात होता. घोडा उधळला. क्लेमच्या हातून दोर सुटला. घोडा बाबांवरून गेला आणि त्यांची मांडी मोडली. तेव्हापासून ते लंगडतात आणि घोड्यावर बसू शकत नाहीत. बाबा त्याला रागावले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी त्याच्या हातात कधी दोर दिला नाही. कुणी नवा माणूस विचारी, "मुलगा मदत करतो का?" तर म्हणत, "तो सोडतो." क्लेम समोर असला तरी तेच म्हणत.

सैन्यात जायला त्याला वडिलांची सही लागली, कारण तो अठराचा होता. बाबांनी सही केली. त्याने स्वतः शिकवलेली नेल ही घोडी तो बरोबर घेऊन गेला. तिला त्याने कसं शिकवलं ते बाबांनी कधी पाहिलं नाही. तो कुरणाच्या टोकाला जाऊन शिकवायचा.

बाबा विचारणार नाहीत, पण तो शेवटी कसा वागला हे त्यांना कळायला हवं आहे. मलाही. जे झालं तेच लिहावं. मला कामामुळे वाईट मजकूर वाचायची सवय आहे.

तुमची,
विनिफ्रेड गॅरो

*

रणांगणावर,
रविवार, २० जानेवारी १९१८

मिस गॅरो यांस,

तुमचं पत्र नाताळानंतर पोचलं. मी आधीच लिहायला हवं होतं. तीनदा बसलो, तीनदा कागद फाडला. मी मेंढ्यांची लोकर कातरणारा माणूस. माझ्या हाताला पेनापेक्षा कात्री बरी वळते.

आम्ही क्लेमला 'पोस्टमास्तर' म्हणायचो. दर पंधरवड्याला तुमचं पत्र यायचं, बाकीच्यांची कधी यायची, कधी बुडायची. टपाल आलं की आमचा कॉर्पोरल लस्कम ओरडायचा, "पोस्टमास्तर, आमच्या बायकांनाही जरा शिकव म्हणावं तुझ्या बहिणीला." क्लेम नुसता हसायचा. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले आठ घोडीशी. वाळवंटात पाणी कमी पडलं की आपल्या वाट्याचं अर्धं तो टोपीत ओतून नेलला पाजायचा. मी एकदा म्हटलं, "लेका, तू मेलास तर घोडी काय करेल?" तर म्हणाला, "तुला फेकून देईल."

आता तुम्ही विचारलंत ते. विहिरींच्या गावावर आम्ही चाल केली त्याचं तुमच्याकडे वर्तमानपत्रांत आलंच असेल. सूर्य मावळायला आला होता. समोर चार मैल उघडं माळरान, त्यापलीकडे खंदक. तलवारी नव्हत्याच, बंदुकीच्या संगिनी हातात धरून आम्ही घोडे सोडले. आठशे घोड्यांच्या टापा एकदम वाजल्या की जमीन पायाखाली नसतेच, तुम्ही त्या आवाजावरच चालता. मी प्रार्थना करणाऱ्यांतला नाही, पण त्या दिवशी मला वाटलं, आपण माणसं नव्हे, एखादं प्रचंड जनावर धावत आहे आणि आपण त्याच्या अंगावरचे केस आहोत.

क्लेम माझ्या डाव्या हाताला होता. खंदकापाशी त्याने सगळ्यांच्या आधी घोड्यावरून उडी टाकली आणि संगीन घेऊन आत शिरला. पहिल्या खंदकापलीकडे त्याला गोळी लागली. लगेच गेला, काही कळलं नसेल. असा शूर मुलगा आमच्या तुकडीत दुसरा नव्हता. तुमच्या वडिलांना सांगा, त्याने मागे पाहिलं नाही.

तुमचा,
टॅस हॅनफर्ड

*

वॉलाडेल टपाल कार्यालय,
शुक्रवार, २२ मार्च १९१८

श्री. हॅनफर्ड यांस,

तुमचं पत्र दोन आठवड्यांपूर्वी मिळालं. तुम्ही ते आमच्यावरच्या मायेने लिहिलंत हे मला कळतं. म्हणून आता जे लिहिते त्याचा राग मानू नये.

पत्र पाद्रीसाहेबांनी चर्चमध्ये वाचून दाखवलं. लोक उभे राहिले. मिसेस टर्टल, ज्यांचे दोन मुलगे तिकडेच आहेत, त्या मला मिठी मारून म्हणाल्या, "केवढा अभिमान वाटत असेल ग तुला." शाळामास्तरांनी त्यातली तीन वाक्यं फळ्यावर लिहिली. बाबा पहिल्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर सगळ्यांनी त्यांचा हात हातात घेतला. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "मग घोडे कोणाकडे होते?"

मी म्हटलं, "कुठले घोडे?"

"त्यांचे. त्याने उडी टाकली म्हणतोय ना तो. मग चार घोडे कोणी धरले?"

हे तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. क्लेमने पहिल्या वर्षीच मला लिहिलं होतं की घोडदळात चौघांची तुकडी असते, लढायला तिघं उतरून पुढे जातात आणि तिसऱ्या नंबरचा माणूस चौघांचे घोडे धरून मागे थांबतो. त्याने तो तिसरा नंबर मागून घेतला होता. कुणालाच नको असतो, म्हणून लगेच मिळाला, असं त्याने लिहिलं होतं. बाबांना सांगू नकोस, घरी आल्यावर मी स्वतः सांगेन, असंही होतं. मी दीड वर्ष सांगितलं नाही. तार आली त्याच्या चौथ्या दिवशी मात्र सांगितलं. आता तो येऊन सांगणार नव्हता.

बाबांनी तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मागून घेतला?" मी म्हटलं, "हो." दुसऱ्या दिवशी सकाळी हातोड्याचा आवाज आला. आठ वर्षं वापरात नसलेलं ते गोल कुंपण ते दुरुस्त करत होते. खांब बदलले, आडव्या फळ्या नव्या घातल्या. रोज जात होते. जेवताना एकदा मला म्हणाले, "दीड वर्ष घोडे धरले म्हणजे बरंच झालं."

तुमचं पत्र आल्यावर त्यांनी काम थांबवलं. हातोडा तिथेच खांबावर आहे. दव पडून गंजायला लागला आहे. त्यांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही तेच वाटून गेलं. चार घोडे ज्याच्या हाती दिले होते तो ते सोडून पुढे गेला. चर्चमधल्या कुणाला यात काही वावगं दिसलं नाही. ते शेतकरी आहेत आणि दुकानदार आहेत. बाबा घोड्यांचे माणूस आहेत.

आणखी एक गोष्ट आहे. तुमची ती चाल एकतीस ऑक्टोबरची. वर्तमानपत्रांत तारीख आहे. तारेत तीन नोव्हेंबर होतं. मी स्वतःला समजावलं की अंक घेताना माझी चूक झाली असेल. पण बारा वर्षांत माझ्याकडून एकही अंक चुकलेला नाही, आणि त्या दिवशी तर मी अक्षर न् अक्षर ऐकत होते.

श्री. हॅनफर्ड, क्लेमने घोडे सोडले असतील तर तसं लिहा. ते बाबांना मी सांगेन की नाही, ते मी पाहीन. पण मला खोटं देऊ नका. त्याला मी वाढवलं आहे.

विनिफ्रेड गॅरो

*

नदीच्या खोऱ्यात,
मंगळवार, ११ जून १९१८

मिस गॅरो यांस,

तुमचं पत्र मी महिनाभर खिशात घेऊन हिंडलो. इथे समुद्राच्या पातळीच्याही खाली असलेल्या दरीत आम्ही आहोत. धूळ पिठासारखी, उष्मा असा की तंबूच्या दोऱ्यांना हात लावता येत नाही, आणि निम्मी तुकडी तापाने आडवी. मीही आडवा आहे, म्हणून लिहायला वेळ आहे. आता फाडणार नाही.

तुमचा अंक बरोबर आहे. तीन नोव्हेंबर. विहिरींच्या चालीत क्लेमला ओरखडाही आला नाही. मी ते सगळं बनवलं. तुम्ही लिहिलं होतंत की वडील म्हणायचे, तो सोडतो. मला वाटलं, अशा बापाला मुलगा मागे घोडे सांभाळताना मेला असं कसं सांगू? लढाईत घोडे धरणाऱ्याला आमच्यातलेही काही हसतात. 'आया' म्हणतात त्यांना. म्हणून पत्रात त्याला पुढे नेऊन ठेवलं. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे, ते शेवटी लिहितो.

त्या शनिवारी आम्ही दगडी डोंगरांत होतो. घोड्यांना दीड दिवस पाणी नव्हतं. सकाळी नऊला आम्ही एका कोरड्या ओढ्यात उतरलो. कॉर्पोरल लस्कम, बर्टी पाइक आणि मी वर डोंगराच्या धारेवर लढायला गेलो. चारही घोडे क्लेमच्या हाती. घोड्यांच्या तोंडाला चामडी पट्टे असतात, एकाचा पट्टा दुसऱ्याच्या लगामाला बांधतात, आणि शेवटचा माणसाच्या हातात. ओढ्यात अशा दहाबारा चौकड्या होत्या. जाताना लस्कम म्हणाला, "पोस्टमास्तर, माझ्या घोड्याला कुणाची पत्रं वाचून दाखवू नकोस, रडेल तो." क्लेम म्हणाला, "तुझी वाचतो. हसेल."

पुढचं मला वेबने सांगितलं. तो दुसऱ्या एका चौकडीचे घोडे धरून क्लेमपासून वीस पावलांवर होता. दहाच्या सुमाराला दोन विमानं आली आणि ओढ्यात बाँब टाकून गेली. वेबचे दोन घोडे जागच्या जागी पडले, दोन पळाले. त्याच्या मांडीत तुकडा घुसला. जवळजवळ सगळे घोडे उधळले. ज्यांनी सोडले त्यांना कुणी काही म्हटलं नाही आणि म्हणूही नये. तहानलेला घोडा उधळला की दोन माणसांना आवरत नाही.

क्लेमला पाठीत लागलं होतं. तो गुडघ्यांवर आला. चारही घोडे एकदम मागच्या पायांवर उभे राहिले आणि त्याला दगडांतून फरफटत घेऊन चालले. वेब पडल्या जागेवरून ओरडला, "सोड, सोड त्यांना. मरशील." दोनतीनदा ओरडला. क्लेमने ऐकलं. वेब शपथेवर सांगतो की त्याने मान वळवून पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात, जसं काही चहाला चल म्हटलंय अशा आवाजात म्हणाला, "ते तिघं परत येतील ना."

दहापंधरा पावलांवर घोडे थांबले. का थांबले ते वेबला सांगता येत नाही. क्लेम त्यांच्याशी बोलत होता एवढंच त्याला ऐकू येत होतं. मग क्लेम एका खडकाला टेकून बसला. पट्टा त्याने मनगटाभोवती दोन वेढे देऊन हातात धरला. ऊन चढलं. तोफा पुन्हा चालू झाल्या. गोळे ओढ्याच्या काठावर पडत होते, दगड उडत होते. दरवेळी घोडे मान वर करत आणि दरवेळी तो बोलू लागे. एकदा पाण्याच्या गाडीची खेचरं वरून गेली. घोड्यांना पाण्याचा वास आला, ते ओढू लागले. वेब म्हणतो, आता गेले, असं मला वाटलं. पण ते गेले नाहीत. दुपारनंतर कधीतरी त्याचं बोलणं ऐकू येईनासं झालं. घोडे तसेच उभे राहिले.

आम्हाला माघारीचा हुकूम चारला मिळाला. शत्रू धारेच्या पलीकडून वर येत होता. आम्ही तिघं धावत ओढ्यात उतरलो. सगळीकडे मेलेली जनावरं आणि पायी पळणारी माणसं. आणि मध्ये आमचे चार घोडे उभे. डोकी खाली घातलेले, शांत, जणू कुरणात सावलीला उभे आहेत. त्यांच्या पायांच्या मधोमध क्लेम बसलेला. टोपी डोळ्यांवर आलेली.

आता माझं कारण. मला वाटलं, तो झोपला आहे. मी वर सात तास काढले होते, माझा घसा सुकला होता. मी म्हटलं, "ऊठ रे आळशा, आम्ही तिकडे मरतोय आणि तू डुलक्या घे." आणि त्याच्या बुटाला लाथ मारली. लस्कमने माझा दंड धरला. मग मी पाहिलं.

त्याची बोटं लस्कमने एकेक करून सोडवली. नेलच्या पुढच्या खुराखाली त्याच्या कोटाचं टोक होतं, पण एकाही घोड्याचा पाय त्याच्यावर पडलेला नव्हता. आम्ही त्याला नेलवर घातलं आणि निघालो. वेबला मी माझ्या घोड्यावर घेतलं. मागे राहिलेल्यांतले बरेच पकडले गेले. आम्ही तिघं आणि वेब आज जिवंत आहोत ते त्याने सोडलं नाही म्हणून. संध्याकाळी त्याला एका बाभळीसारख्या झाडाखाली पुरलं. लस्कम सहसा शिव्यांशिवाय बोलत नाही. तो टोपी काढून म्हणाला, "मी असलं काही पाहिलेलं नाही." मीही नाही. चाल पाहिली तेव्हा मला वाटलं होतं की याहून मोठं काही मला पाहायला मिळणार नाही. तीनच दिवसांत मिळालं.

त्याला मी शेवटचं काय बोललो ते तुम्हाला कळू नये म्हणून मी खोटं लिहिलं. तुम्ही मला क्षमा करा असं म्हणत नाही. नेल आता माझ्याकडे आहे. अजून तिने मला फेकलेलं नाही.

टॅस हॅनफर्ड

*

वॉलाडेल टपाल कार्यालय,
शुक्रवार, २३ ऑगस्ट १९१८

श्री. हॅनफर्ड यांस,

तुमचं पत्र आज सकाळच्या पिशवीत आलं. मी ते कार्यालयात एकदा वाचलं. मग दुपारी अर्धा तास बंद ठेवून घरी गेले. स्वतःच्या कामासाठी असं बारा वर्षांत पहिल्यांदाच केलं. बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी म्हटलं, "टॅस हॅनफर्डचं आलंय. खरं लिहिलंय."

ते म्हणाले, "वाच."

मी सगळं वाचलं, तुमच्या लाथेसकट. बाबा सुरी हातात धरून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "तो वेब काय ओरडला, ते पुन्हा वाच."

मी वाचलं. सोड, सोड त्यांना. मरशील.

"आणि त्याने ऐकलं?"

"ऐकलं असं लिहिलंय. मान वळवली."

बाबांनी अर्धा सोललेला बटाटा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "किती वाजता लागलं त्याला?"

"दहा."

"आणि हे लोक चारला आले."

"हो."

"चार घोडे. तहानलेले. तोफा चालू." त्यांनी सुरी खाली ठेवली. "विन, मी चाळीस वर्षं घोड्यांत काढली. माझे दोन्ही पाय धड होते तेव्हाही मला हे जमलं नसतं. बसून तर नाहीच. बसल्या माणसाजवळ भ्यालेला घोडा थांबत नाही. मी तसं कधी पाहिलेलं नाही, कुणाकडून ऐकलेलंही नाही." जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "ऐकलेलंही नाही."

मला वाटलं, एवढ्यावर थांबतील. पण ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "त्या दिवशी मीही ओरडलो होतो."

"कुठल्या दिवशी?"

"कुंपणात. घोडा उधळला तेव्हा. तो दोर धरून फळ्यांकडे ओढला जात होता. एवढासा होता. मला वाटतं, मीच म्हटलं, सोड."

"वाटतं म्हणजे?"

"म्हटलं. मोठ्याने म्हटलं. म्हणून त्याने सोडला."

श्री. हॅनफर्ड, मी त्या दिवशी घरात होते. मी काही ऐकलं नव्हतं. नऊ वर्षं मलाही वाटत होतं की त्याच्या हातून दोर सुटला. मी विचारलं, "मग तुम्ही लोकांना ते का सांगत होता?"

ते म्हणाले, "आधी दुखत होतं. मग सवय झाली." आणि थोड्या वेळाने, "त्याने एकदाही म्हटलं नाही की बाबा, तुम्हीच सांगितलंत. मी वाट पाहायचो, कधीतरी म्हणेल. म्हटलं असतं तर मी कबूल केलं असतं."

मला काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. ज्याचे मी कान धुतले, ज्याला शुद्धलेखन शिकवलं, त्याला मी ओळखत नव्हते. अकरा वर्षांचं मूल एवढी गोष्ट पोटात ठेवून माझ्यासमोर रोज लापशी खात होतं. त्याला ती जड झाली आहे असं कधी दिसलं नाही. तुम्ही लिहिलंत की लस्कमने असलं काही पाहिलेलं नाही. मी ते सात वर्षं रोज पाहत होते, आणि मला दिसलं नाही.

तुमच्या लाथेबद्दल. ती तुम्ही मनाला लावून घेऊ नका. क्लेमला सकाळी उठवायला मीही काही कमी बोललेली नाही. तुम्ही त्याला घरच्यासारखं बोललात. दुसरं कुणी परक्यासारखं बोललं असतं तर मला अधिक वाईट वाटलं असतं. खोट्याबद्दल क्षमा मागितली नाहीत, तरी ती आहे.

एक गोष्ट तुम्हाला विचारून करायची होती, पण बाबांनी थांबू दिलं नाही. दुपारी ते मला म्हणाले, "पाद्रींना सांग, रविवारी हे पत्र वाचा. पहिलं खोटं होतं असंही सांगा."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील, बाबा? त्यांना चाल आवडली होती."

"लोकांना आवडू दे काय आवडायचं ते. आणि वाचून झालं की मी उभा राहून दोराचं सांगणार आहे."

"सगळ्यांसमोर?"

"त्याला सगळ्यांसमोर म्हणत होतो ना."

तुमचं नाव वगळू का, ते मी पाद्रीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, हॅनफर्ड लाजणार नाही. मलाही तसंच वाटतं.

शनिवार, सकाळी साडेसात.

काल पत्र बंद केलं नव्हतं. इकडे अजून हिवाळा आहे, पहाटे दव गोठलं, गवत पांढरं आहे. मी निघाले तेव्हा बाबा अजून घोरत होते. ते इतका वेळ कधी झोपत नाहीत. मी त्यांना उठवलं नाही. नेल तुमच्याकडे आहे हे त्यांना बरं वाटलं. तिला उजव्या बाजूने खरारा केलेला आवडत नाही, आधी डावीकडून सुरू करावा. नव्या वर्षी तुम्ही इकडे आलात तर आर्मिडेलहून आठवड्यातून दोनदा गाडी येते.

पिशवी न्यायला अजून अर्धा तास आहे. कार्यालयात कोणी नाही. मी शेगडी पेटवली, खिडकीच्या काचा पुसल्या, दौतीत शाई भरली आणि आता हे पत्र बंद करून टेबलावरची राख झाडते.

विनिफ्रेड गॅरो